विद्यापीठाने तिकीटबारी उघडावी

ऑगस्ट लागला की सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या दारात कॉलेजच्या मुलांची झुंबड उडते. पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू झालेली असते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही स्पर्धा घेते, आणि पुण्याच्या रंगभूमीवर आज उभी असलेली कितीतरी माणसं त्याच विंगेतून पहिल्यांदा रंगमंचावर आली. पुढे डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव. नंतर फिरोदिया करंडक, तीही कॉलेजांची स्पर्धा. मधल्या काळात गणपती आणि दिवाळी पहाट. वर्षाचा एकही महिना या शहरात कोरडा जात नाही. तरीही या वर्षात एक जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हे आपल्याला जाणवतही नाही. ती जागा विद्यापीठाची आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने दरवर्षी संगीत, नृत्य आणि नाटक यांचा एक हंगाम जून-जुलैमध्येच तारखांसकट जाहीर करावा. त्याला तिकीट लावावं. आणि त्यात प्रत्येक नाटकाचे एक-दोन नव्हे, आठ-दहा प्रयोग करावेत. परदेशातली अनेक विद्यापीठं हे वर्षानुवर्षं करत आली आहेत. त्या गावातले लोक शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच विद्यापीठाचं वेळापत्रक बघून ठरवतात की यंदा काय बघायचं. आपल्याकडे त्यासाठी लागणारी माणसं, जागा आणि विद्या तिन्ही आहेत. फक्त तशी सवय नाही.

विद्यापीठात ललित कला केंद्र 1987 मध्ये सुरू झालं. तिथे गुरुकुल पद्धतीने गाणं, नृत्य आणि नाटक शिकवलं जातं. नाटककार सतीश आळेकर 1996 पासून 2009 पर्यंत तिथले प्रमुख होते. रोहिणी भाटे यांच्यासारख्या कथकच्या थोर गुरूंनी तिथे शिकवलं. एकाच छपराखाली तिन्ही कला शिकवणारा असा सरकारी विद्यापीठातला विभाग महाराष्ट्रात सहज सापडत नाही. तिथे येणारी मुलं पुण्याचीच असतात असंही नाही. बीड, लातूर, सांगली, कोकण अशी सगळीकडून येतात, खोली घेऊन राहतात, संध्याकाळी कुठेतरी क्लास घेऊन भाडं भागवतात. पदवी हातात पडली की त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो: आता कोणापुढे?

हा प्रश्न पदवीनंतर पडतो, हीच अडचण आहे. तो पहिल्याच वर्षी पडायला हवा.

कुठल्याही कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या विभागातला प्रयोग कसा होतो ते आपण जाणतो. दीड-दोन महिने तालमी. रात्री अकरापर्यंत नेपथ्याला रंग. मग रंगीत तालीम. मग प्रयोग. समोर परीक्षक, शिक्षक, मागच्या वर्षीचे विद्यार्थी, आई-बाबा, रूमवरचे मित्र. टाळ्या ठरलेल्या जागी पडतात, शेवटी सगळे विंगेत एकमेकांना मिठ्या मारतात, दुसऱ्या दिवशी सेट उतरवला जातो. अशा प्रयोगाची बातमी मला बहुतेक वेळा आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मिळते, किंवा प्रयोग होऊन गेल्यावर फोटोंमधून. ज्या दिवशी नटाला भूमिका उमजायला लागते, त्याच दिवशी ती भूमिका संपते.

नाटक पुन्हा पुन्हा केल्याशिवाय कळत नाही, हे नाटकवाल्यांना सांगायला नको. एका विद्यार्थी-नाटकाचे पाठोपाठचे चार प्रयोग मला बघायला मिळाले होते. पहिल्या प्रयोगात एका वाक्यावर मोठा हशा आला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा त्या वाक्यानंतर थांबला, हशाची वाट बघत. हशा आला नाही. समोरच्या मुलीला कळेना की आता बोलायचं की नाही. दोन-तीन सेकंदांत प्रसंगातली हवाच गेली. तिसऱ्या दिवशी त्याने घाबरून ते वाक्य गडबडीत उरकलं. चौथ्या दिवशी मात्र त्याने ते वाक्य समोरच्या मुलीला सांगितलं, प्रेक्षकांना नाही. हशा आला, पण उशिरा आणि दबका, आणि तो पहिल्या दिवसाच्या हशापेक्षा कितीतरी खरा होता. कोणत्याही वर्गात, कोणत्याही गुरूला हे चार दिवस शिकवता आले नसते. ते प्रेक्षकांनी शिकवले. आणि प्रेक्षक रोज वेगळे होते म्हणूनच ते शिकवू शकले.

आपल्या स्पर्धांनी मुलांना एका रात्रीसाठी तयार व्हायला शिकवलं. त्यातून ऊर्जा आली, शिस्त आली, ठरलेल्या मिनिटांत सेट लावायचं कसब आलं. हे थोडं नाही आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण स्पर्धेचं नाटक परीक्षकांवर नजर ठेवून लिहिलं जातं. पहिल्या पाच मिनिटांत चमकायचं, शेवटी धक्का द्यायचा, मध्ये एक मोठं दृश्य. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही तेव्हा गावभर चर्चा झाली. दर्जा घसरला, मुलं वाचत नाहीत, सगळी मोबाईलमध्ये, असं बरंच बोललं गेलं. या मुलांना वर्षात अनोळखी प्रेक्षकांसमोर किती वेळा उभं राहायला मिळतं, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. स्पर्धा घेणाऱ्या संस्थेचं हे काम नव्हे. ते विद्यापीठाचं काम आहे, कारण विद्यापीठाकडे तीच मुलं दोन-तीन वर्षं असतात.

गाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे, पण अडचण तीच. परीक्षेत विद्यार्थ्याला मोजका वेळ मिळतो. विलंबित थोडं, द्रुत थोडं, परीक्षकांनी मध्येच थांबवून विचारलेला दुसरा राग. इलेक्ट्रॉनिक तानपुरा टेबलावर. बैठकीत हे चालत नाही. तिथे आधी तानपुरे लावावे लागतात, घोडीवरचा तारेखालचा दोरा कणभर पुढे-मागे करून तार बोलेपर्यंत बसावं लागतं, आणि हे सगळं लोक खुर्चीत बसून बघत असताना. दमट हवेत तबल्याचा स्वर उतरतो, वादक हातोडी घेतो, तेवढा वेळ गवयाने काय करायचं हेही शिकावं लागतं. राग मांडायला पाऊण तास मिळाला की कळतं, आपल्याकडे त्या रागाबद्दल दहा मिनिटांपलीकडे बोलण्यासारखं काही आहे का. नाही, हे कळणं फार मोलाचं असतं. ते विशीत कळलं तर वेळ असतो.

तरुण गायकाला आज संधी मिळते ती बहुतेक दिवाळी पहाटेला. तिथे नाट्यपद आणि अभंगाची फर्माईश होते, ख्यालासाठी पंचवीस मिनिटं मिळाली तरी आयोजक घड्याळ बघतात. मला दिवाळी पहाट आवडते. पण तेवढ्यावर ख्यालगायक घडत नाही. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंचावर पोचायच्या आधीच्या पायऱ्या कुठे आहेत? भीमसेन जोशींनी 1953 मध्ये आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने गुरूच्या स्मरणार्थ जो महोत्सव सुरू केला, त्याने पुण्याचा श्रोता घडवला. तो श्रोता आज आहे, त्याला चांगलं गाणं तिकीट काढून ऐकायची सवय आहे. त्याला वर्षात सहा शनिवार संध्याकाळी विद्यापीठात बोलावलं तर तो येईल, असा माझा विश्वास आहे.

इथे गुरुजनांकडून एक आक्षेप येतो आणि तो मी मनापासून गांभीर्याने घेतो. कच्चं मडकं भट्टीबाहेर काढू नये, असं ते म्हणतात. घराण्यांमध्ये वर्षानुवर्षं शिष्याला बाहेर गाऊ दिलं जात नसे. नको त्या वयात टाळ्या मिळाल्या की रियाझ सुटतो, हे खरंही आहे. आजच्या रीलच्या जमान्यात तर जास्तच.

पण घराण्यांची रीत नीट आठवली तर दिसतं की गुरूने शिष्याला लोकांपासून कधी लपवलं नाही. त्याने शिष्याला तानपुरा देऊन आपल्या मागे बसवलं. भरल्या सभेत, शेकडो डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं. गुरूने थांबून मान किंचित वळवली की शिष्याने तो धागा उचलायचा, दोन आवर्तनं भरायची आणि गप्प बसायचं. कोणत्या जागेवर श्रोते हलतात, कुठे चहाला उठतात, गुरू पडलेली मैफल कशी उचलतो, हे त्याने मागे बसून पाहिलेलं असायचं. म्हणजे शिष्य पहिल्यांदा एकटा गायला बसला तेव्हा श्रोता त्याला नवा नसायचा. विद्यापीठाने गुरुकुल हा शब्द घेतला, घरासारखं शिकवणं घेतलं, पण मागे बसण्याची जागा काही त्या वेळापत्रकात मावली नाही. हंगाम ती जागा परत देईल. गुरू स्वतः गातील, वाजवतील, नाचतील, आणि विद्यार्थी साथीला असतील. कोणी पुढे बसायचं हे गुरूच ठरवतील. त्यांचा अधिकार यात कुठेच कमी होत नाही.

नृत्याबद्दल मला सर्वात जास्त बोलावंसं वाटतं, कारण तिथे पैशाचा प्रश्न उघडा पडतो. भरतनाट्यममधलं अरंगेत्रम् किंवा कथकमधला मंचप्रवेश हा आज अनेक घरांत लग्नासारखा समारंभ झाला आहे. सभागृहाचं भाडं, साथीदारांची मानधनं, पोशाख, दागिने, मेकअप, पत्रिका, व्हिडिओ, आलेल्यांसाठी अल्पोपाहार. हा सगळा खर्च मुलीचे आई-वडील करतात. प्रेक्षक म्हणजे नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारी. ज्या घराला हे झेपत नाही ती मुलगी कितीही तयारीची असो, तिचं पहिलं पूर्ण सादरीकरण पुढे ढकललं जातं, आणि मग कधीकधी होतच नाही. परीक्षेला बहुतेकदा ध्वनिमुद्रित संगीतावर नाचावं लागतं. त्यात लय कधी बदलत नाही, कोणी तिहाईला, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणलेल्या बोलाला, दाद देऊन डोळ्याला डोळा देत नाही. विद्यापीठाच्या हंगामात त्याच विद्यापीठातले गायन-वादनाचे विद्यार्थी साथीला बसले तर साथीदारांचा खर्च जवळपास उरत नाही, आणि साथ करणाऱ्यालाही शिकायला मिळतं. कथकला साथ करणं हे तबलजीसाठी स्वतंत्र शिक्षण आहे. ते आज त्याला कोण देतं? शेतकऱ्याच्या किंवा रिक्षावाल्याच्या मुलीला तिकीट काढून आलेल्या शे-दीडशे अनोळखी माणसांसमोर तास-दीड तास नाचायला मिळणं, हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाचं कर्तव्य आहे असं मी मानतो.

तिन्ही कला एका आवारात असल्याने आणखी एक गोष्ट होऊ शकते, जी पुण्यात दुसरी कोणतीही संस्था सहजी करू शकत नाही. संगीत नाटक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी याच शहरात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं. आज संगीत नाटकाचा प्रयोग लावायचा तर गाणारा नट शोधावा लागतो, नाट्यपदाला ऑर्गनची साथ करणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि निर्मात्याला आकडे जुळवताना घाम फुटतो. विद्यापीठात गाणारे आहेत, अभिनय शिकणारे आहेत, तबला शिकणारे आहेत. वर्षाला एक संगीत नाटक, जुनं किंवा अगदी नवं लिहिलेलं, पूर्ण लांबीचं, मायक्रोफोनचा मारा न करता. दहा वर्षांत दहा नाटकं आणि ती करून बघितलेली शंभरेक मुलं. व्यावसायिक रंगभूमी हे करणार नाही, तिच्याकडून ती अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

तिकिटाबद्दल आता. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला पैसे कसले, असं अनेकांना वाटेल. माझा अनुभव असा की फुकट कार्यक्रमाला माणूस मोकळा असला तर येतो आणि कंटाळा आला तर उठतो. शंभर रुपये दिलेला माणूस वेळेवर येतो, तिसऱ्या घंटेला खुर्चीत असतो, आणि आवडलं नाही तर बाहेर पडताना तसं सांगतो. हे सांगणं विद्यार्थ्यांना हवं आहे. विद्यार्थी प्रेक्षकांसाठी तिकीट तीस रुपये ठेवा, आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना मोफत द्या. पण फुकट पासांची खिरापत नको. शिवाय तिकीट लावलं की मुलांना प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचं बुकिंग, कसा लागतो, जाहिरात कधी द्यायची, खिडकीवर कोण बसणार, हिशेब कसा ठेवायचा हेही शिकावं लागेल. नाट्यसंस्था बंद पडतात त्या वाईट अभिनयाने नाही, बहुतेक वेळा या हिशेबाने. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या सगळ्यांनी नटच व्हायचं नसतं. प्रकाशयोजना करणारा, ध्वनी सांभाळणारा, दौरा लावणारा माणूस या शहराला नेहमीच कमी पडतो.

जागेचा बाऊ करायचं कारण नाही. 1968 मध्ये उघडलेलं बालगंधर्व रंगमंदिर पुण्याचा अभिमान आहे, पण जवळपास हजार खुर्च्यांचं ते नाट्यगृह शिकणाऱ्या मुलांसाठी मोठं आहे, आणि तिथल्या तारखा मिळवणं हे वेगळंच युद्ध. शे-दीडशे खुर्च्या पुरेत. निम्मे प्रयोग विद्यापीठाच्या आवारात, निम्मे शहरात, सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या जागी. गणेशखिंड रस्त्याची वाहतूक किती छळते ते मला ठाऊक आहे. हडपसरहून संध्याकाळी सातला विद्यापीठात पोचणं म्हणजे परीक्षाच. म्हणूनच निम्मे प्रयोग विद्यापीठाने गावात आणावेत.

आणि एक आक्षेप, जो उघडपणे कोणी मांडत नाही पण निर्णय त्याच्यामुळे अडतात. वाद झाला तर? फेब्रुवारी 2024 मध्ये ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांच्या पडद्यामागच्या गोष्टीवरचं विद्यार्थ्यांचं नाटक गोंधळ घालून बंद पाडलं गेलं, आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. माझ्या ओळखीच्या कितीतरी सुशिक्षित पुणेकरांना विद्यापीठात नाटक शिकवतात हे त्या बातमीमुळे पहिल्यांदा कळलं. याचं मला फार वाईट वाटतं. ज्या विभागाचं काम शहराने वर्षानुवर्षं पाहिलेलंच नाही, त्याच्या बाजूने शहर उभं कसं राहणार? दार बंद ठेवल्याने विद्यार्थी सुरक्षित होत नाहीत, ते एकटे पडतात. ज्यांनी त्या मुलांची चार नाटकं पाहिली आहेत, ज्यांना त्यांचे चेहरे ओळखीचे आहेत, असे हजार-दोन हजार नियमित प्रेक्षक हे विभागाचं खरं संरक्षण. नाटक आवडलं नाही तर तेही बोलतील, कडक बोलतील, पण खुर्चीत बसून पूर्ण पाहिल्यावर.

पुण्याने हे आधी पाहिलं आहे. विजय तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल डिसेंबर 1972 मध्ये प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणलं, आणि वादामुळे 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं. करणारे तरुण थांबले नाहीत. त्यांनी 1973 मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, प्रयोग करत राहिले आणि 1980 मध्ये ते नाटक युरोपात घेऊन गेले. संस्था कचरली तर मुलं दुसरी संस्था काढतात, हा या गावाचा इतिहास आहे. पण प्रत्येक पिढीला तेवढं बळ असेलच असं नाही, आणि विद्यार्थ्याने विद्यापीठ सोडून जावं आणि मगच मोकळेपणाने काम करावं ही स्थिती विद्यापीठाला शोभत नाही. सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ती अट मला मान्य नाही, पण कायदा आहे तोवर अर्ज वेळेत करता येतो. हंगाम जूनमध्ये ठरला तर संहिताही वेळेत तयार होतील, हा त्यातला फायदाच म्हणायचा.

पैसे कुठून येतील? सुरुवातीला विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातून, इतर विभागांच्या प्रयोगशाळेला जसे येतात तसेच. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला रसायनं द्यायला कोणी कुरकुर करत नाही. रंगमंच, दिवे आणि प्रेक्षक ही या मुलांची प्रयोगशाळा. महापालिकेने आपल्या नाट्यगृहांतल्या आठवड्याच्या मधल्या काही तारखा सवलतीत द्याव्यात. माजी विद्यार्थी आज मालिकांत, चित्रपटांत, मैफलींत नाव कमावून आहेत. त्यांनी वर्षाला एक प्रयोग हंगामात विनामानधन करावा, हे मागणं जास्त नाही.

पहिल्या वर्षी सगळं जमणार नाही. गणपती संपल्यावर सुरुवात करून जानेवारीअखेर संपवावं, म्हणजे मार्च-एप्रिलच्या परीक्षा आड येणार नाहीत. दोन नाटकांचे प्रत्येकी आठ प्रयोग, सहा बैठका, चार नृत्यसंध्या, आणि जमलं तर एक संगीत नाटक. वेळापत्रक एका कागदावर छापून नाट्यगृहांच्या खिडक्यांवर, वाचनालयांत, पीएमपी बसच्या थांब्यांवर लावावं. तिकिटांच्या उत्पन्नातून आधी साथीदारांचे आणि बॅकस्टेजच्या मुलांचे पैसे द्यावेत, मग उरलेल्यातून दिव्यांचं भाडं. त्यासाठी विद्या परिषदेत एका ठरावाची गरज आहे, आणि तो मांडायला पुढच्या शैक्षणिक वर्षाची वाट बघायचं कारण नाही.